चौथं टेबल

साहेब, मंडप तुमचा होता. टेबलं तुमची होती. चौथ्या टेबलावर बसलेल्या माणसाला खुर्ची तुमच्या शिपायाने आणून दिली, पाण्याची बाटली पण त्यानेच ठेवली. आता तुम्ही म्हणता, असा कुणी माणूस तुम्हाला आठवत नाही. तुम्ही खोटं बोलता. हे तोंडावर बोललो असतो, पण तुमच्या दाराशी बसलेला म्हणतो, साहेब बैठकीत आहेत. तुम्ही बैठकीत आणि माझी वहिनी पलंगावर, नाकात नळी घालून. तेव्हा पहिल्यापासून सांगतो. ऐकावं लागेल.

आम्ही गोठ्यावर राहतो. गोठ्याच्या मागच्या भिंतीला लागून दोन खोल्या आहेत, त्यात आई, दादा, वहिनी आणि मी. दादा चारा टाकतो, शेण ओढतो. मी दुधाचे कॅन गाडीत घालून डेअरीवर नेतो. वहिनी धारा काढते. खोली मिळाली दादाच्या तोंडाकडे बघून, पण टिकली वहिनीच्या हातावर. हे दादालाही माहीत आहे, तो बोलत नाही एवढंच.

वहिनीच्या आधी इथे एक बाई होती. तिचा खांदा गेला. मालकाने तिला शिव्या दिल्या नाहीत. उलट मायेने म्हणाला, "आता आराम करा हो तुम्ही, खूप केलंत." आठवडा झाला नाही तोवर त्या खोलीत आमचं सामान आलं. त्या बाईची चूल अजून गरम होती असं आई सांगते. आई वाढवून सांगते, पण फार नाही.

मालकाने मशीन आणून ठेवलंय. पण या थंडीत गोठ्यातल्या निम्म्याहून जास्त गाई पहिलारू निघाल्या. पहिल्या वेताची गाय मशीन लावू देत नाही, लाथेने बादली उडवते. तिला माणसाचाच हात लागतो. आणि हात लागतो तो पण मुठीने नाही. पहिलारूचे सड बोटाच्या पेराएवढे. मूठ बसतच नाही. अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरायचं, दाबायचं, ओढायचं, सोडायचं. गाय संपेपर्यंत. मग दुसरी गाय. गार फरशीवर उकिडवं बसून, कपाळ गाईच्या पोटाला टेकवून, एक खांदा सतत वर धरून, कारण लाथ आलीच तर ती खांद्यावर घ्यायची, बादलीवर नाही. दूध सांडलं तर मालक विचारतो. खांद्याचं कोण विचारतंय?

आधी वहिनीच्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागला. मग मनगट. मग खांदा असा धरला की केस बांधता येईनात. दादा बांधून द्यायचा. शेणाचे हात धुऊन यायचा आणि गाईला दावं बांधावं तशी गाठ मारायचा.

"अहो, मी पळून चाललेय का कुठे?" वहिनी म्हणायची. "जरा सैल बांधा."

"पळालीस तर कळायला नको?"

हसायची. पण चहाचा कप दोन्ही तळहातांच्या मध्ये धरायची, पणती धरावी तसा. दाराची कडी कोपराने काढायची. उकिडवी बसली की उठताना गाईच्या शेपटीला धरायची. चुगली नावाची एक गाय होती, कुणी नवं माणूस आलं की हंबरून गोठाभर सांगणारी. तीसुद्धा वहिनीला शेपूट धरू द्यायची.

एकदा मालक दारात उभा राहून बराच वेळ बघत राहिला. जाताना म्हणाला, "दमलेल्या दिसता."

वहिनीचा चेहरा उतरला. ती मला म्हणाली, "भावजी, हा माया करायला लागला. आता काहीतरी करायला हवं."

त्याच आठवड्यात तुमच्या दवाखान्याची गाडी भोंगा लावून फिरली. सांधेदुखी, कंबरदुखी, स्नायूंचं दुखणं, सगळ्यावर एकाच मंडपात इलाज. या, या, या.

आम्ही आलो. सगळं गाव आलं होतं. वाकडी माणसं, लंगडी माणसं, कमरेवर हात ठेवून चालणाऱ्या बाया. तुम्ही स्टेजवर उभे राहिलात. शर्टाला इस्त्री होती. तुम्ही म्हणालात, जुनं दुखणं एका औषधाने जात नाही. गोळी हवी, मालीश हवं, शेक हवा, व्यायाम हवा, जडीबुटी हवी. सगळ्यांची सांगड घाला. एकाने नाही झालं तर दुसऱ्याने होईल, आणि सगळे मिळून तर होणारच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांचे खांदे वर होत नव्हते त्यांनीसुद्धा.

मग चार टेबलं. पहिल्यावर गोळ्या. दुसऱ्यावर तेल घेऊन बसलेल्या मावशी, गुबगुबीत, गरम हातांच्या. तिसऱ्यावर व्यायाम शिकवणारी मुलगी. आणि चौथ्यावर तो. तोंडात बडीशेप, बोटात अंगठी, बोलणं तुपात भिजवलेलं. त्याच्यासमोर कागदाच्या पुड्यांचा ढीग.

वहिनी पहिल्या टेबलावर गेली. "हात दाखवा." दाखवला. "सूज आहे. या गोळ्या जेवणानंतर. पुढे." झालं.

दुसऱ्या टेबलावर मावशींनी खांदा दाबला तशी वहिनी किंचाळली. मावशी म्हणाल्या, "अगं बाई, इथे दगड झालाय. माझ्याकडे येत जा, फोडते."

तिसऱ्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "काम काय करता?"

"धारा काढते."

"थोडे दिवस बंद करता येईल का?"

वहिनी म्हणाली, "ताई, गाईंना विचारून सांगते."

मुलगी हसली नाही. खरंच वाईट वाटलं तिला. तिने काठी दोन हातांत धरून वर न्यायचा व्यायाम दाखवला, बोटांना रबर लावून उघडायला शिकवलं. चारही टेबलांत काम विचारणारी ती एकटी. तिला ओरडू नका साहेब. तिची चूक एवढीच की तिला पुढचं टेबल दिसत नव्हतं.

चौथ्या टेबलावर त्याने वहिनीचा हात धरला नाही, बघितला नाही. डोळे मिटले. म्हणाला, "थंडी हाडात शिरलीय. सकाळी एक पुडी, संध्याकाळी एक. शुद्ध मुळ्या आहेत."

वहिनीने विचारलं. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. "तिकडच्या गोळ्या पण दिल्यात. दोन्ही चालेल ना?"

"डॉक्टरांचं डॉक्टरांकडे, आमचं आमच्याकडे. भिडत नाही एकमेकांना. साहेबांनी काय सांगितलं आत्ता? सांगड."

तेव्हा तुम्ही पलीकडे उभे होतात. त्याच्याकडे बघून मान हलवलीत. ती मान अजून माझ्या डोळ्यांसमोर हलते.

घरी सांगड सुरू झाली. सकाळी धारा झाल्या की पुडी कोमट पाण्यात. जेवणावर गोळी. दुपारी मावशी यायच्या, आईच्या खाटेवर वहिनीला पालथी घालून तेल जिरवायच्या, आणि आई बाजूला बसून गावभरच्या सुनांची उणीदुणी काढायची. मग गरम मिठाच्या पुरचुंडीने शेक. मग झाडूचा दांडा धरून हात वर. संध्याकाळच्या धारांआधी दुसरी पुडी.

आणि साहेब, गुण आला. झटकन आला. त्याच आठवड्यात वहिनीने स्वतःचे केस स्वतः बांधले. दादा बघत राहिला.

"गेली तुमची नोकरी," वहिनी म्हणाली.

गाईंच्या रांगेतून ती पोरीसारखी फिरायला लागली. एकीखालून उठली की दुसरीखाली. शेपूट नको, भिंत नको. आई म्हणाली तेल लागलं. दादा म्हणाला पुडी लागली. मावशी म्हणाल्या, माझा हातच तसा आहे. मी म्हणालो व्यायाम. वहिनी म्हणाली, "भांडू नका. मी सगळ्यांची आहे."

पुडीवाला दर बाजाराच्या दिवशी दवाखान्याच्या आवारातच बसायचा. तुमच्या आवारात, साहेब. तुमच्या झाडाच्या सावलीत. लोक खिडकीतून गोळ्या घ्यायचे आणि झाडाखालून पुडी.

मग वहिनी भरायला लागली. आधी गाल. मग गळ्याखाली, मग मानेमागे मांसाचा उंचवटा. चेहरा गोल, लालसर, तुकतुकीत. सारखी भूक. रात्रीची झोप गेली, पण म्हणायची, झोप लागतच नाही तर दमायला कुठे होतंय?

आम्ही गोठ्यातली माणसं. आम्हाला जनावर कळतं. कातडीला चमक आली, अंग भरलं, वैरणीवर तुटून पडतंय, म्हणजे जनावर सुधारलं. आम्ही वहिनीकडे त्याच डोळ्यांनी बघितलं. आई कडाकडा बोटं मोडायची तिच्यावरून. मालक एकदा दारात उभा राहून म्हणाला, "बाई चांगल्या पोसल्यात की! घरात दूध मुरतंय वाटतं आमचं?"

वहिनीने मान खाली घातली. तेवढं वाक्य दिवसभर तिच्या पोटात राहिलं. तिने या गोठ्यावर आल्यापासून कपभर दूध न सांगता घेतलं नव्हतं.

मालीश करताना मावशींची बोटं जिथे उमटायची तिथे निळं व्हायचं, आणि ते निळं जायचं नाही. मावशी म्हणाल्या, "रक्त नाजूक झालंय. जोर कमी लावते." एवढंच. गोठ्यात पायाला खिळा लागला, ती जखम चिडलीच नाही, भरलीही नाही, नुसती उघडी राहिली.

वहिनी एकदा खिडकीवर गेली. गोळ्या संपल्या होत्या. मी बरोबर होतो. तिने सिस्टरला विचारलं, "पोटात जळतं हो फार. आणि ती झाडाखालची पुडी पण चालू आहे. त्याने असेल का?"

सिस्टर म्हणाली, "ते आमच्याकडे येत नाही. त्यांना विचारा." आणि गोळ्या सरकवल्या.

त्यांना विचारलं. तो म्हणाला, "जळणारच. गोळ्यांची उष्णता. पुडी वाढवा, थंड पडेल."

त्या दिवसांत चुगलीचा सड सुजला. जनावरांचा डॉक्टर मोटारसायकलवर आला. सुई भरण्याआधी त्याने दादाला विचारलं, "आधी काय दिलंय? कोणी दिलंय? गाभण आहे का? खाणं कसंय?" दादाने सगळं सांगितलं. मग सुई. मग दादाने रीतीप्रमाणे चुगलीच्या मागच्या पायाला लाल चिंधी बांधली. औषध चालू असलेल्या गाईला आम्ही चिंधी बांधतो, म्हणजे दुसरा कुणी चुकून आणखी औषध देत नाही, आणि दूध वेगळं काढतो.

वहिनी बादली घेऊन उभी होती. म्हणाली, "नशीबवान आहे हो गाय. तिला चार गोष्टी विचारल्या."

दादा हसला. मी पण हसलो. ती नाही हसली. पोटावर हात ठेवून तशीच उभी होती.

मग एका बाजाराला झाडाखाली कुणीच नव्हतं. दादा पुढच्या बाजाराला गेला, तेव्हाही नाही. शिपायाला विचारलं तर म्हणाला, "कोण पुडीवाला?" आणि दुसऱ्याच दारात शिरला. वहिनीने उरलेल्या पुड्या अर्ध्या अर्ध्या करून पुरवल्या. मग अर्ध्याही संपल्या.

दुखणं परत आलं. पण पहिलं नाही, त्याचा बाप आला. अंगठा, मनगट, खांदा राहिलं बाजूला, सगळं अंगच धरलं. पापणी उचलायला ताकद लागायची. ती म्हणायची, "हाडांतलं पाणी काढून घेतलंय कुणीतरी." जेवण समोर आलं की तोंड फिरवायची. उभी राहिली की भिंत फिरायची. तरी पहाटे गोठ्यात जायची. एका गाईखाली बसली ती तिथेच कपाळ टेकवून राहिली, आणि ती पहिलारू, लाथाळ, पण हलली नाही.

दादा घाबरला. घाबरला की तो जास्त काम करतो. एक गोळीच्या जागी दोन दिल्या. मावशींना दोन वेळा बोलावलं. शेक वाढवला. साहेबांनी सांगितलं होतं ना, एकाने नाही तर सगळे मिळून. पुडी नाही तर बाकीचं दुप्पट. रिकाम्या पोटी दुप्पट. हा हिशोब दादाचा नाही, साहेब. तुमच्या स्टेजवरचा आहे.

एका सकाळी ती अंथरुणातून उठलीच नाही.

आता पुढचं तुम्हाला कळणार नाही, कारण तुम्ही गाय पाळली नाही. गोठ्यात बसलेल्या गाईसारखी भीती दुसरी नाही. विऊन अशक्त झालेली गाय एकदा बसली आणि तशीच राहिली की तिचे पाय मरतात, मग ती मरते. म्हणून तिला उठवायचं. काय वाटेल ते करून उठवायचं. पोटाखालून पट्टे घालायचे, शेपूट पिळायची, चार माणसं लावायची, पण उभी करायची. उभी राहिली की जगली. आम्ही हे शेकडो वेळा केलंय आणि गाई जगल्यात.

आम्ही वहिनीला उठवलं.

दादाने एका काखेत हात घातला, मी दुसऱ्या. आई मागून ढकलत होती, "उठ पोरी, बसू नकोस, बसलीस की संपलीस." तिला अंगणात आणलं. थंडी होती. तिचे पाय फरफटत होते.

"सोडा," ती म्हणाली. "अहो, सोडा मला. पडू द्या."

"चार पावलं टाक. मग सोडतो."

"भावजी, तुम्ही तरी."

मी सोडलं नाही. दादाने सोडलं नाही. मालक गोठ्याच्या दारात उभा होता, त्याच्याकडे दादाचं लक्ष होतं. त्याला दिसायला हवं होतं की बाई उभी आहे. पाण्याच्या टाकीपर्यंत नेली, तिथून वळवली. दादा म्हणत होता, "बघ, चालतेस. चालतेस की."

मग तिला उलटी झाली. चहाच्या चोथ्यासारखी काळी. दादाच्या हातावर, माझ्या पायावर. आणि ती आमच्या दोघांच्या मधून, ओलं पोतं निसटावं तशी, खाली गेली. हात बर्फ. डोळे उघडे.

मालक म्हणाला, "घेऊन जा, गाडी घेऊन जा." मग म्हणाला, "कॅन उतरवून ठेवा आधी."

मी कॅन उतरवले नाहीत. भरल्या कॅनांच्या मध्ये दादा तिला मांडीवर घेऊन बसला. प्रत्येक खड्ड्याला झाकणं वाजत होती.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिचा गोल चेहरा बघितला, मानेमागचा उंचवटा बघितला, निळे डाग बघितले, आणि आमच्याकडे वळून विचारलं, "काय देत होतात हिला?"

दादा सांगायला लागला. गोळ्या, तेल, शेक, झाडूचा दांडा. पुडी म्हणताच बाईंनी त्याला थांबवलं.

"कसली पुडी?"

"मुळ्यांची."

"मुळ्यांनी असं तोंड सुजत नाही. त्यात काहीतरी जबरदस्त मिसळलेलं होतं. अंगाला त्याची सवय लागली, अंगाने स्वतःचं काम सोडून दिलं, आणि तुम्ही पुडी एकदम बंद केलीत. वरून गोळ्यांनी पोटाला आतून जखम केली. रक्त तिथून जातंय." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "हिला उभं कुणी केलं?"

दादाने दोन्ही हात मागे घेतले.

"आडवं ठेवायचं असतं. रक्त डोक्यात पोचत नाही अशा वेळी."

दादा भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली बसला. त्याला उठवायला मी गेलो नाही.

बाई म्हणाल्या, आम्ही अंदाजाने औषध चालू केलंय, रक्त चढवतोय. पण पुडीत नक्की काय होतं, किती होतं, आणखी काय मिसळलं होतं, ते कळायला हवं. एखादी पुडी आणा. मी घरी येऊन खाट उलटी केली. एकही नाही. वहिनीने कागदसुद्धा बोट फिरवून चाटले होते आणि चुलीत घातले होते.

म्हणून मी तुमच्याकडे आलो. त्या दिवशी भेटलात. उभ्या उभ्या. मी सांगितलं, तुम्ही घड्याळ बघितलंत.

"सगळं एकत्र घ्यायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्ही."

"मी सांगड म्हणालो. भेसळ नाही म्हणालो. अडाणीपणा तुम्ही करायचा आणि खापर आमच्यावर?"

"ते चौथं टेबल…"

"तीनच टेबलं होती," तुम्ही म्हणालात, आणि गाडीत बसलात.

तेव्हापासून रोज येतोय. रोज बैठक. तुमच्या आवारातलं ते झाड आहे, त्याखाली जमीन बुडाच्या आकाराची गुळगुळीत झालीय. ती पण तुम्हाला दिसत नाही का? गावात आणखी गोल चेहरे फिरताहेत, साहेब. शिंप्याची बायको. विहिरी खणणारा म्हातारा, ज्याचा गुडघा चमत्कारासारखा बरा झाला म्हणून तुम्ही त्याचा फोटो काढून घेतला होतात. सगळ्यांच्या पुड्या संपल्यात. सगळे वाट बघताहेत की तो येईल. त्यांच्या घरचेही त्यांना उठवून उभं करतील. बसलेल्याला उठवायचं, एवढंच आम्हाला येतं.

मालकाने वहिनीच्या गाईंना नवी बाई लावली आहे. काल आमच्या खोलीत डोकावून ती आईला म्हणाली, "मावशी, खोलीची घाई नाही हो." आईने तिला पाणी दिलं.

आज सकाळी वहिनीने डोळे उघडले. दादाला ओळखलं. बोलली नाही, पण चादरीवर तिची बोटं हलत होती, अंगठा आणि दोन बोटं, दाबून, ओढून, सोडून. डॉक्टरीणबाई आल्या, तिच्या बोटांकडे बघितलं, आणि मला बाहेर बोलावून परत तेच विचारलं. मी परत म्हणालो, माहीत नाही.

मला माहीत नाही. दादाला नाही, आईला नाही, तिला नाही. ज्याने त्या माणसाला खुर्ची दिली, सावली दिली, मान हलवून दिली, त्याला माहीत आहे. तो कोण होता? कुठे गेला? उद्या बैठक संपेपर्यंत दारात थांबणार नाही मी, आत येईन. तेव्हा घड्याळ बघू नका. टेबलं तीन होती की चार, त्यावर नंतर भांडू. आधी एवढंच सांगा साहेब, ती जिवंत आहे तोवर सांगा: पुडीत काय होतं?